गालफुगा देव आणि चार वह्या

शनिवार, १८ ऑक्टोबर २००८

तीर्थस्वरूप किनुए आत्यांस,
चिझुरूचा वाकून नमस्कार.

पत्राची सुरुवात हवामानाने करायची असते, म्हणून करते. डोंगर लाल झाले आहेत, सकाळी बोटं गारठतात, मागच्या दारची पर्सिमन पिकून खाली पडू लागली आहेत आणि ती उचलायला कोणाला वेळ नाही. तुमच्या बंदरावरही वारा सुटला असेल. झालं हवामान. (खरं सांगायचं तर यंदा डोंगर निळे झाले असते तरी माझं लक्ष गेलं नसतं. पण तुम्ही बाबांच्या थोरल्या बहीण आणि मी आपल्या घरातली पहिली पदवीधर, तेव्हा एवढं तरी रीतसर व्हायला हवं.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? बाजारातल्या गाळ्यावर उभं राहताना पायाखाली लाकडी फळी घेता ना? आणि तुमचा आवाज कसा आहे? पूर्वीसारखाच मोठा आहे ना? हे मी उगाच विचारत नाही, पण ते शेवटी.

आता रागाचं. मी रागावले आहे, आत्या. तुमच्यावर, बाबांवर, आईवर, चार डॉक्टरांवर, व्यापारी मंडळाच्या शिओइरी काकांवर आणि नगरपालिकेच्या आरोग्य खात्यावर, म्हणजे जिथे मी नोकरी करते त्याच खात्यावर. सगळं क्रमाने सांगते. तुमच्यापासूनच सुरू करते. गेल्या नोव्हेंबरात मी तुम्हाला बाबांचा एक फोटो पाठवला होता. धंद्याला बरकत देणाऱ्या हसऱ्या, गालफुग्या एबिसु देवाच्या जत्रेतला, व्यासपीठावर, मांडीवर लाल कागदाचा मासा घेऊन बसलेले. तुम्ही उलट टपाली लिहिलंत की तोकुझो अगदी साक्षात देव दिसतोय, फोटो गाळ्यावर लावलाय आणि त्या दिवसापासून बांगडा हातोहात जातोय. आत्या, तो फोटो देवाचा नाही. तो आजाराचा आहे. गेलं वर्षभर तुम्ही रोज सकाळी एका आजाराला हात जोडून बांगडे विकताय.

सुरुवात दोन वर्षांपूर्वी पापण्यांपासून झाली. बाबांच्या वरच्या दोन्ही पापण्या बाहेरच्या बाजूने फुगल्या. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, नुसत्या फुगल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की वय झालं की पापण्या ओघळतात, आणि थेंब दिले. सहा महिन्यांनी जबड्याखाली दोन्ही बाजूंना दोन गाठी आल्या, लावा पक्ष्याच्या अंड्याएवढ्या, त्याही न दुखणाऱ्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी निदान केलं गालगुंड. साठीच्या माणसाला गालगुंड! बाबांनी काय करावं? तोंडाला मास्क लावून ते समोरच्या बालवाडीच्या फाटकापर्यंत गेले, फाटकाबाहेरच उभे राहिले आणि मुख्याध्यापिकाबाईंना कमरेत वाकून म्हणाले, "माझ्यामुळे आपल्या मुलांना गालगुंड झालं तर त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो." बाईंनी घाबरून आठवडाभर रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवल्या. मुलांना काही झालं नाही, बाबांच्या गाठीही गेल्या नाहीत. प्रतिजैविकं तीनदा झाली.

गाव मात्र खूश. आपल्याकडे माणूस गालांनी भरला की सुखी झाला असं धरतात. बाबांचे गाल फुगलेले, डोळे बारीक झालेले, त्यामुळे ते चोवीस तास हसतायत असं वाटायचं. आमच्या दुकानात आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो घ्यायला आलेली गिऱ्हाइकं म्हणायची, "मोमोसे-सान, धंदा जोरात दिसतोय!" बाबा म्हणायचे, "आपली कृपा." (धंदा मुळीच जोरात नव्हता. का नव्हता ते पुढे येईल.) आणि मग नोव्हेंबरच्या जत्रेआधी शिओइरी काका दारात हजर. दर वर्षी एबिसु होणाऱ्या माणसाला लाकडी मुखवटा घालावा लागतो, त्यात घाम येतो, नाकाला खाज सुटते. काकांनी बाबांच्या चेहऱ्याकडे असं पाहिलं जसं कोणी बाजारात कलिंगडाकडे पाहतं. म्हणाले, "तोकुझो-सान, यंदा मुखवट्याचा खर्च वाचला बघ." मी म्हटलं, "काका, त्यांना बरं नाहीये." तर काका म्हणतात, "पोरी, एवढी शिकलीस आणि एवढंही कळत नाही? याला भाग्य म्हणतात." बाबांना नाही म्हणता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तीन तास थंडीत ते व्यासपीठावर बसले, माझ्या वडिलांच्या आजारी लाळग्रंथींना अख्ख्या गावाने टाळ्या वाजवून नमस्कार केला, दोघांनी तर त्यांचे गाल चोळून आपल्या गल्ल्याला हात लावला. आणि मी फोटो काढला. (त्या फोटोबद्दलचा माझा राग माझ्यावरच आहे, पण तो सध्या रांगेत उभा आहे.)

या वसंतात लघवीचा त्रास सुरू झाला. मूत्रविकाराच्या डॉक्टरांना डाव्या बाजूची नळी दाबलेली दिसली. म्हणाले, खडा असेल, पाणी प्या. बाबा इतकं पाणी प्यायले की चालताना आवाज यायचा. खडा काही पडला नाही, कारण तो नव्हताच. आणि सप्टेंबरात ते पिवळे पडले. आईच्या प्रथम लक्षात आलं, पांढऱ्या टॉवेलमुळे. आई म्हणाली, "अहो, मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याशेजारी उभे राहू नका, गिऱ्हाईक गोंधळतं." आणि मग आत जाऊन रडली. आम्ही त्यांना शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. स्वादुपिंड सुजून जाड झालेलं, पित्ताची वाट बंद. शस्त्रक्रिया विभागाचे डॉ. ओसाकाबे भला माणूस आहे, मी तसं म्हणते, राग बाजूला ठेवून म्हणते. त्यांनी आम्हा तिघांना बसवून शांतपणे सांगितलं की हा बहुधा कर्करोग आहे, वेळेत सापडलाय, स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, आतड्याचा तुकडा असं सगळं काढावं लागेल. गुरुवार, तेवीस ऑक्टोबर. पित्त उतरावं म्हणून तात्पुरती एक बारीक नळी बसवली. बाबा म्हणाले, "आपल्याला फार त्रास देतोय." पोट बाबांचं कापायचं, आणि त्रास डॉक्टरांना!

आता वह्यांकडे येते. आपण औषधं घेतो तेव्हा औषधवाला आपल्या औषधांच्या वहीत चिठ्ठी चिकटवून देतो, म्हणजे कुठल्याही डॉक्टरला एका नजरेत कळावं की या माणसाच्या पोटात काय काय जातंय. आमचं आरोग्य खातं या वह्या फुकट वाटतं. मी स्वतः त्याचं भित्तिपत्रक केलं आहे: हसणारे आजोबा, हातात एक वही, खाली मोठ्या अक्षरात 'एक माणूस, एक वही'. ते नगरपालिकेच्या जिन्यात लावलेलं आहे आणि त्याचं कौतुकही झालं होतं. तर, एक ऑक्टोबरला मी आईबाबांबरोबर इस्पितळात गेले. आधी मूत्रविकार विभाग, मग शस्त्रक्रियेआधीची तपासणी. मूत्रविकार विभागाच्या खिडकीवर बाबांनी कोटाच्या आतून कापडात बांधलेलं एक छोटं गाठोडं काढलं, त्यातून एक वही दिली, परत घेतली, गाठोड्यात ठेवली. जिना चढून शस्त्रक्रियेच्या मजल्यावर आलो तेव्हा त्याच गाठोड्यातून त्यांनी दुसरी वही काढली. संडासाच्या दाराशी सपाता बदलाव्यात तितक्या सहजपणे. मी म्हटलं, "बाबा, थांबा. हे काय आहे?" ते म्हणाले, "ही पोटाची." "आणि मघाची?" "ती लघवीची." गाठोड्यात अजून दोन होत्या. एक डोळ्यांची, एक गळ्याची. चार अवयव, चार वह्या, वर सुबक चिठ्ठ्या चिकटवलेल्या, आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही.

आत्या, मी इस्पितळात कधीही आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी मी त्या चारही वह्या बाबांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतल्या आणि औषधांच्या खिडकीवर पत्ते मांडावेत तशा उघडून मांडल्या. मागची रांग खोकू लागली. खिडकीतल्या बाई वयस्कर होत्या, चष्मा कपाळावर. त्यांनी चष्मा खाली घेतला, पहिली वही वाचली, दुसरी वाचली, मग बाबांच्या पापण्यांकडे पाहिलं, जबड्याकडे पाहिलं, तिसरी वाचली. चौथी वाचायच्या आधीच त्यांनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "हिराबायाशी-सेन्सेई, जेवत असाल तर डबा तिथेच ठेवा आणि वर या."

हे डॉ. हिराबायाशी तळमजल्याच्याही खाली बसतात, कपडे धुण्याच्या खोलीच्या पुढे. चाळिशीचा, बारीकसा माणूस, एका पायात निळा मोजा आणि एकात काळा. त्यांचा विभाग कुठल्याच एका अवयवाचा नाही, म्हणून बहुधा त्यांना मजला मिळालेला नाही. त्यांनी बाबांच्या पापण्या दाबल्या, जबडा दाबला, वह्या पुढेमागे चाळल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वास येतो का?" बाबा गाठोड्याच्या कापडाची घडी घालू लागले. "मोमोसे-सान, नाकाला वास येतो का?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. म्हणाले, "दीड वर्ष झालं. नाही येत."

मिसो करणारा माणूस, ज्याचे वडील, आजोबा पिंपाचं झाकण एक बोटभर सरकवून नुसत्या वासावर सांगायचे की अजून चाळीस दिवस, त्याला दीड वर्ष वास येत नव्हता आणि हे मला माहीत नव्हतं! आईला माहीत होतं. दोघांनी संगनमत केलं होतं. बाबा पिंपाशी जाऊन वाकायचे, डोळे मिटून मोठा श्वास घ्यायचे, आई त्यांच्या मागे उभी राहून वास घ्यायची आणि खोकायची. एकदा खोकली की तयार, दोनदा खोकली की नाही. गेल्या हिवाळ्यात तिला खरोखरचा खोकला झाला होता. त्या महिन्यात आमच्या दुकानातून काय काय विकलं गेलं असेल याचा मी विचार करत नाही, गिऱ्हाइकांनी मात्र केलेला दिसतो. (धंदा का जोरात नव्हता, ते हे.) मी आईला तिथेच विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?" आई म्हणाली, "तू ऑफिसातून दमून येतेस."

डॉ. हिराबायाशींनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. आपल्या अंगात परक्या गोष्टींशी लढणारी एक व्यवस्था असते. कधी कधी ती परकं कोणी नसतानाच कामाला लागते. या आजारात तिच्यातल्या एका जातीच्या पेशी एकेका अवयवात जाऊन मुक्काम ठोकतात, अवयव सुजतो, घट्ट होतो आणि वेळेत थांबवलं नाही तर कायमचा निबर होतो. पापणीत गेल्या तर पापणी, लाळग्रंथीत गेल्या तर गाल, नाकात, मूत्रनळीभोवती, स्वादुपिंडात. स्वादुपिंडात झालं की स्कॅनच्या चित्रात तो हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो, म्हणून पुष्कळांची पोटं उघडली गेली, आणि आत कर्करोग नव्हताच. रक्तात आयजीजी-चार नावाचं एक प्रथिन वाढलेलं असतं. हे सगळे आजार वेगवेगळे नसून एकच आहे, हे डॉक्टरमंडळींच्या ध्यानात यायला लागून फार वर्षं झालेली नाहीत, तेही आपल्याच देशात, आणि अजून त्याला सगळ्यांना मान्य असं एक नावही ठरलेलं नाही. "का होतो?" मी विचारलं. म्हणाले, "माहीत नाही." इतक्या सरळपणे की मला त्या माणसाबद्दल एकदम विश्वास वाटला. पदवी घेतल्यापासून कोणी माझ्याशी 'माहीत नाही' असं बोललं नव्हतं. बाबा बराच वेळ ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे सेन्सेई, विरजण एकच आहे. पिंपं तेवढी वेगवेगळी." डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "हे मी पुढच्या बैठकीत सांगितलं तर चालेल का?"

आणि मग त्यांनी विचारलं, अगदी साधेपणाने, रागावून नव्हे, "पण या चार वह्या कोणी करायला सांगितल्या?" बाबा ताबडतोब उठून वाकले. म्हणाले, "माझाच मूर्खपणा. एका डॉक्टरांसमोर दुसऱ्यांची औषधं ठेवायची म्हणजे एका सराईत बसून दुसऱ्या सराईतल्या जेवणाचं वर्णन केल्यासारखं. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं." डॉक्टर हसले. मी हसले नाही. परतीच्या बसमध्ये मी बाबांना जे बोलले ते लिहीत नाही. साठ वर्षांच्या माणसाने डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून स्वतःचं स्वादुपिंड पणाला लावावं! बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खरं आहे तुझं." या माणसाशी भांडताही येत नाही, आत्या. भिंतीला निदान धडकता तरी येतं.

पुढचं थोडक्यात. जबड्याखालच्या गाठीचा तुकडा काढून तपासला, त्यात डॉ. हिराबायाशी म्हणत होते तेच निघालं. रक्तात ते प्रथिन नेहमीच्या आठपट. तोंडातून नळी घालून स्वादुपिंडातलाही कण काढला, त्यात कर्करोग दिसला नाही. या बुधवारपासून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. तीस तारखेला पुन्हा चित्र काढायचं. सूज उतरलेली दिसली की शस्त्रक्रियेची गरज नाही, गोळ्या हळूहळू कमी करत न्यायच्या, वर्षानुवर्षं थोड्या चालू ठेवायच्या, कारण हा आजार परत येतो. रक्तातली साखर वाढेल, भूक वाढेल, झोप कमी होईल. (आणि चेहरा गोल होईल. म्हणजे आजाराने फुगलेले गाल उतरतील आणि औषधाने फुगलेले गाल येतील. शिओइरी काकांना हे कोणीतरी सांगितलंय, ते आमच्या दारावरून जाताना समाधानाने मान हलवतात.)

तेव्हा सगळं ठीक झालं असं तुम्हाला वाटेल. नाही झालं. तीस तारखेच्या आधी तेवीस तारीख येते. डॉ. हिराबायाशी हे डॉ. ओसाकाबे यांना सोळा वर्षांनी कनिष्ठ. ते वर गेले आणि म्हणाले (मी बाहेर उभी होते, मी ऐकलं), "थोडं थांबून पाहणंही कदाचित फार वाईट ठरणार नाही असं मला वाटू लागलंय." याचा अर्थ, कापू नका! डॉ. ओसाकाबे म्हणाले, "विचार करण्यासारखं आहे." याचा अर्थ, कापणार! मग म्हणाले की एक कण स्वच्छ निघाला म्हणून शेजारचा स्वच्छ असतोच असं नाही, थांबलो आणि कर्करोग निघाला तर मोमोसे-सानच्या बायकोपुढे कोण उभं राहणार? यातही खोटं काही नाही. मग दोघं एकमेकांना वाकले आणि माझ्या वडिलांचं स्वादुपिंड जिथल्या तिथे राहिलं, दोन नमस्कारांच्या मध्ये.

मी खात्याच्या कागदावर चार पानी निवेदन लिहिलं. अवयवांची रंगीत आकृती, तारखांचा तक्ता, चौदा दिवस थांबण्याची विनंती. ते घेऊन मी काल डॉ. ओसाकाबेंच्या खोलीत गेले, मनात ठरवून की आज मी ओरडणार. त्यांनी पानं नीट वाचली. म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे तुमचं." आणि आत्या, मी वाकले. मी म्हणाले, "आपला मौल्यवान वेळ घेतला." आणि बाहेर आले. बाहेर येऊन मी शीतपेयाच्या यंत्राला लाथ मारली, आणि यंत्राने मला गरम कॉफीचा डबा दिला, जो मी मागितला नव्हता. खिडकीवर विचारलं तर म्हणाले, संमतीच्या कागदावर रुग्णाच्या सहीचा शिक्का आहे, तारीख रद्द करायची तर रुग्णाने स्वतः यायला हवं. आणि रुग्ण येत नाही. मंगळवारी सकाळी दहाला भरती व्हायचं आहे. रुग्णाने पिशवी भरली आहे, डॉ. ओसाकाबेंसाठी चेस्टनटच्या मिठाईचा खोका आणला आहे, आणि मला म्हणतो, "त्यांनी माझ्यासाठी एक अख्खा गुरुवार राखून ठेवलाय, चिझुरू. त्या गुरुवारसाठी दुसऱ्या कोणाला तरी नाही म्हणाले असतील. आता मी कसं नाही म्हणू?"

असो. तुमचा बहुमोल वेळ घेतला, गाळ्यावर गर्दी असेल. मासळी ताजी असो, गुडघे जपा, थंडीचे दिवस आहेत. आईचा नमस्कार. बाबांनी नमस्कार सांगितलेला नाही, कारण मी हे पत्र लिहितेय हे त्यांना माहीत नाही.

आपली,
चिझुरू

ता. क. : आजोबांच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाला तुम्ही भटजींना सगळ्यांदेखत म्हणाला होतात, "महाराज, जरा आवरतं घ्या, माझी मासळी उन्हात आहे." तेव्हापासून बाबा दर वर्षी तुमच्या वतीने देवळात माफीचं पत्र पाठवतात, आणि तेव्हापासून आम्ही तुम्हाला कुठल्या कार्याला बोलावलेलं नाही. त्याबद्दल मी क्षमा मागते. आणि विनंती करते की सोमवारी सकाळची पहिली गाडी पकडून या. आपल्या घराण्यात उद्धटपणे बोलू शकणारं एकच माणूस आहे आणि ते तुम्ही आहात. (पत्र जलद टपालाने टाकतेय, उद्या हाती पडेल. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही कोणाचं ऐकून घेत नाही आणि बाबा शेजारच्या खोलीत असतात.) बाबांच्या दंडाला धरून इस्पितळात न्यायचं, खिडकीवर शिक्का मारायला लावायचा, आणि मग वर जाऊन डॉ. ओसाकाबेंना तुमच्या बाजारातल्या आवाजात सांगायचं की चौदा दिवस थांबा. वाकू नका. गुडघ्याचं कारण सांगा.

ता. क. दुसरा : वर बाबांवर मी जे लिहिलंय, वह्यांबद्दल, ते खोडायचं होतं, पण पानाच्या मागच्या बाजूलाही मजकूर आहे. त्या चार वह्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत. तीन वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, मी घरी चार वह्या घेऊन आले होते आणि बाबांना सांगितलं होतं की आता तुमचं वय झालं, वेगवेगळे डॉक्टर होतील, प्रत्येक अवयवाला स्वतंत्र वही, म्हणजे गोंधळ नाही. 'एक माणूस, एक वही' हे भित्तिपत्रक मी त्यानंतर सहा महिन्यांनी केलं आणि घरी सांगायला विसरले. गल्लीतला औषधवाला म्हणे बाबांना दर वेळी सांगायचा की आजोबा, एकच वही पुरे, आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "माझी मुलगी पदवीधर आहे, तिने लावून दिलंय." हे मला काल त्या औषधवाल्यानेच सांगितलं. डॉ. हिराबायाशींनी विचारलं तेव्हा मला आठवलं होतं. मी तोंड उघडणार होते. बाबा माझ्याआधी उठले आणि वाकले, आणि मी गप्प बसले, आणि मग बसमध्ये त्यांना बोलले. एवढंच. हे तुम्ही आल्यावर मला हव्या त्या आवाजात ऐकवा, पण आधी डॉ. ओसाकाबे.

ता. क. तिसरा : पाकिटावर तुमचा पत्ता घालायचा म्हणून आत्ता तुमचं गेल्या वर्षीचं पत्र काढलं, ते देव वगैरे लिहिलेलं. बाबा शेजारी बसून पिशवीत टॉवेल भरत होते. थांबले. पत्र माझ्या हातातून घेतलं, नाकाशी नेलं, आणि बराच वेळ तसेच बसले. म्हणाले, "किनुए-ताईच्या कागदाला बांगड्याचा वास येतोय." आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि सवयीने एकदा खोकली. गोळ्यांचा आज चौथा दिवस आहे, आत्या. मिठाईचा खोका अजून दाराशीच आहे. तुम्ही या, आणि येताना मासळी आणा, भरपूर वासाची.